भटारखान्यातला ड्रमर

१

हाइनरोडाच्या चर्चची घंटा रविवारी दहाला वाजायची आणि मग थेट बाराला. मधल्या दोन तासांत गावात कोणी गवत कापत नसे, खिळा ठोकत नसे, गाडीसुद्धा धूत नसे. एखाद्याने हातोडी उचललीच, तर शेजारचा कुंपणापाशी येऊन मनगटावरचं घड्याळ दाखवणार आणि तरीही ऐकलं नाही तर पोलिसांना फोन करणार, असा तिथला खाक्या. ‘शीफर’ बँडचं रेकॉर्डिंग याच दोन तासांत चालायचं, कारण त्यांच्या संगीताला आता शांतता लागत होती. एके काळी शांततेलाच त्यांच्यापासून पळ काढावा लागे.

हे थोराल्फ मनातल्या मनात म्हणायचा. मोठ्याने म्हणायची सोय राहिली नव्हती.

थोराल्फ त्या बँडचा ड्रमर. सव्वीस वर्षांपूर्वी फाल्कच्या बापाच्या गॅरेजमध्ये फाल्क, सिल्व्हिओ आणि थोराल्फ या तिघांनी मिळून मेटल बँड काढला आणि त्याचं नाव ठेवलं ‘शीफरग्रुफ्ट’, म्हणजे पाटीच्या दगडाचं थडगं. सतराव्या वर्षी असलीच नावं सुचतात. फाल्क गिटार बडवत घसा फाडून ओरडायचा, सिल्व्हिओ बास धरायचा आणि थोराल्फ दोन्ही पायांनी असा काही धुमाकूळ घालायचा, की फळीवरचे रंगाचे डबे चालत चालत कडेला यायचे. पुढे लाइपझिगच्या एका कार्यक्रमानंतर फाल्कचा आवाज तीन आठवडे बसला. त्या तीन आठवड्यांत त्याने कुजबुजत गाणी रचली. आवाज परत आला, पण फाल्कला तो नकोसा झाला होता.

मग एकेक गोष्ट गळत गेली. आधी नावातलं थडगं गेलं, मग गिटारची वीज गेली. सिल्व्हिओने बास विकून स्वतःपेक्षा उंच, लाकडी, उभा बास घेतला. इनेस नावाची शाळेतली संगीतशिक्षिका दोन गाण्यांपुरती पायपेटी घेऊन आली आणि तिथेच राहिली. काळ्या बनियनवाले जुने चाहते शिव्या घालत निघून गेले. त्यांच्या जागी लोकरीच्या शाली पांघरून खुर्च्यांवर बसणारे, तिसऱ्या गाण्याला डोळे पुसणारे लोक आले. वर्तमानपत्रांनी लिहिलं की बँड प्रौढ झाला. त्या प्रौढपणात ड्रमला जागा नव्हती.

थोराल्फला कोणी काढलं नाही. काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं. त्याला रेकॉर्डिंगच्या यंत्रापाशी बसवलं आणि फाल्क म्हणाला, “एखादं गाणं सापडू दे, ज्यात तू बसशील. मग बघ.” याला सात वर्षं झाली. या नव्या अल्बममध्ये आठ गाणी होती आणि आठव्याचं अजून ठरलं नव्हतं. ते तुझं असू शकेल, असं फाल्क उन्हाळ्यात एकदा म्हणाला होता. थोराल्फ त्या एका वाक्यावर दिवस काढत होता. हेही गाणं हुकलं तर आपण या बँडचे फक्त गाडी चालवणारे, हे त्याला स्वच्छ कळत होतं.

रेकॉर्डिंग चालायचं ते गावातल्या बंद पडलेल्या खाणावळीमागच्या नाचाच्या दालनात. छताच्या आकड्याला दोन मायक्रोफोन लटकवलेले. दालन आणि जुना भटारखाना यांच्या मधल्या भिंतीत ताटं सरकवायची खिडकी होती. तिच्यात एक जाड रजई कोंबलेली आणि खिडकीच्या अलीकडे, भटारखान्यात, थोराल्फ कानाला हेडफोन लावून बसायचा. त्याला आतलं सगळं ऐकू यायचं, दिसायचं काहीच नाही. त्याचे ड्रम मात्र अजून दालनाच्या कोपऱ्यातच होते, चादरीखाली. ते कुठे न्यायचे हा प्रश्न कोणी काढला नव्हता आणि त्यानेही तो काढू दिला नव्हता.

सुरुवात करण्याआधी एक मिनिट नुसती शांतता नोंदवायची पद्धत होती. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पुढे गाण्यात कुठे कात्री लागली, तर जोडाच्या जागी तीच भरावी लागते. त्या मिनिटात आतले तिघे आपापल्या जागी हालचाल न करता बसायचे.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारची ती शांतता थोराल्फ सोमवारी संध्याकाळी घरी ऐकत होता. चाळिसाव्या सेकंदाला कर्रकन एक बारीक आवाज आला. त्याने मागे नेऊन परत ऐकलं. तो त्याच्या ड्रमच्या स्टुलाचा आवाज होता.

२

आवाजाच्या बाबतीत थोराल्फचा कान फसत नसे. त्याचा धंदा छपरांवर पाटीचे दगड बसवण्याचा. प्रत्येक पाटी लावण्याआधी हातोडीने टिचकी मारून बघायची. खणखणीत वाजली तर धड, बद्द वाजली तर आत चीर आहे. पंचवीस वर्षं तो हे करत होता आणि त्याच्या कानाने धड म्हटलेली पाटी कधी फुटली नव्हती.

म्हणूनच तो बुधवारी दुपारच्या सुट्टीत हाइनरोडाला गेला. खाणावळीची मालकीण एटेलबाई ऐंशीच्या घरातली. तिने काही न विचारता किल्ली दिली आणि दालनात शेगडी पेटलेली नाही, तेव्हा टोपी काढू नकोस, एवढं बजावलं.

दालनात त्याने कारणं जुळवायला सुरुवात केली. थंडीत लोखंड आकसतं. शेगडी पेटवली की लाकूड कुरकुरतं. रिकामं स्टूलही कधी कधी वाजत असेल. त्याने चादर काढली, स्टूल हलवून पाहिलं, लाथ मारून पाहिली. ते गप्प. मग तो बसला आणि डावीकडे कलला. कर्रकन आवाज आला, तोच. स्टूल माणसाच्या वजनाखालीच वाजत होतं आणि तेही डावीकडे कललं तरच. अकरा वर्षांपूर्वी छपरावरून पडून त्याचं डावं मनगट मोडलं होतं आणि ते वाकडं जुळलं. तेव्हापासून डावा ठोका किंचित मागून यायचा आणि तो सावरायला त्याचं अंग डावीकडे झुकायचं.

उठताना त्याच्या लक्षात आलं की आपले पाय नेहमीसारखे जमिनीवर नीट टेकले नव्हते. स्टूल दोन बोटं उंच केलेलं होतं.

सिल्व्हिओने दिवा बदलायला वापरलं असेल, असं त्याने ठरवलं. दिव्यासाठी स्टूल उंच करण्यात काय अर्थ, हा विचार त्याने पुढे सरकू दिला नाही. मळसूत्र फिरवून त्याने ते परत खाली केलं, चादर घातली आणि कामावर गेला. संध्याकाळपर्यंत त्याने त्या दिवशी एकशे दहा पाट्या ठोकल्या, प्रत्येकीला दोनदा टिचकी मारून.

३

पुढच्या रविवारी तिसरं गाणं चालू असताना हेडफोनमध्ये काहीतरी वाढलं. पायपेटीचा सूर होता, फाल्कची कुजबुज होती, उभा बास घुमत होता आणि त्यांच्या खाली कोणीतरी तारांचा ब्रश ड्रमच्या कातड्यावर गोल गोल फिरवत होतं. आवाज इतका हलका होता, की थोराल्फला आधी तो आपल्याच श्वासाचा वाटला. मग ठोके सुरू झाले. उजवा वेळेवर, डावा केसभर मागून.

त्याचे हात त्याच्या मांडीवर होते. त्याने ते पाहून घेतले.

रजई सरकवून आत बघणं दोन सेकंदांचं काम होतं. पण रेकॉर्डिंग चालू असताना रजईला हात लावायचा नाही, तिची सळसळ मायक्रोफोन पकडतो, हा नियम त्यानेच घालून दिला होता. हे झालं सांगायचं कारण. खरं म्हणजे त्याला बघायचं नव्हतं. आणि त्याच वेळी हे वाजवणं सुरेख आहे असंही कुठेतरी वाटत होतं. बडवणं नाही, दाखवणं नाही. फाल्कने शब्द उच्चारायचा आणि त्याच्या मागोमाग पाऊल टाकल्यासारखा ठोका पडायचा.

गाणं संपलं. थोराल्फने हेडफोन काढला, बोळातून फिरून दालनाचं दार उघडलं. कोपऱ्यात चादर बाजूला पडली होती आणि स्टूल रिकामं होतं. तिघेही त्याच्याकडे बघून हसत होते. सात वर्षांत त्या तिघांनी मिळून त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं.

इनेस म्हणाली, तू कधी येऊन बसलास ते मला दुसऱ्या कडव्यापर्यंत कळलंच नाही. सिल्व्हिओ म्हणाला, आमच्या रेड्याला मांजराची चाल कोणी शिकवली? फाल्क मात्र उठला. तो जवळ आला, त्याने थोराल्फच्या खांद्यावर हात ठेवला आणि हात तिथेच राहू दिला.

“हेच,” तो म्हणाला. “हेच मागत होतो रे मी.”

थोराल्फला त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. मी भटारखान्यात होतो, मी काहीही वाजवलेलं नाही, एवढीच दोन वाक्यं. ती त्याच्या ओठांवर आली होती. पण खांद्यावरचा हात उबदार होता, आणि माणूस उपाशी असला की पुढ्यात आलेलं ताट कोणाचं आहे हे विचारत नाही.

“हो,” तो म्हणाला. “म्हटलं, बघावं करून.”

४

तो आठवडा त्याचा आनंदात गेला, असं म्हटलं तर खोटं ठरणार नाही. भीती होती, पण ती आनंदाच्या मागे उभी होती. घरी तो एकटाच राहायचा. कामावरून आलं की तारांचे ब्रश घेऊन तो जुन्या उशीवर ते वाजवणं बसवायला बघायचा. जे आपलं म्हणून मान्य केलंय ते निदान आपल्याला येऊ तरी द्यावं. येईना. डावं मनगट आखडायचं, ब्रश गोल फिरायच्या ऐवजी घसटत जायचा. पाच मिनिटांत चिडून तो उशीवर गुद्दे घालायला लागायचा आणि खालच्या मजल्यावरचा म्हातारा छताला काठी मारायचा.

बुधवारी तो छपरावर असताना फाल्कचा फोन आला. फाल्क फार खूश होता. काल रात्रीपासून मी तुझाच विचार करतोय, म्हणाला. सगळ्यात जास्त तूच भांडशील असं वाटलं होतं आणि तूच सगळ्यांच्या आधी पुढे आलास.

“कशाबद्दल?” थोराल्फने विचारलं.

फाल्क हसला आणि त्याने सगळं उलगडून सांगितलं. काल मंगळवारी सगळे सिल्व्हिओच्या घराजवळच्या गुत्त्यात जमले होते. बँडमध्ये कुठलीही गोष्ट ठरवायची तर मत घ्यायचं, आणि मत द्यायचं ते बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीने, ही त्यांची पहिल्यापासूनची रीत. चित्र वर म्हणजे हो, कोरी बाजू वर म्हणजे नाही. कालचा प्रश्न असा, की जुनी गाणी, म्हणजे पहिल्या चार अल्बममधली यच्चयावत गाणी, यापुढे कुठेही, कधीही वाजवायची नाहीत. चारही चकत्या चित्र वर. पहिली थोराल्फची.

थोराल्फ मंगळवारी संध्याकाळी सातला जेवून झोपला होता. त्याचं अंग दुखत होतं आणि त्याने दिवाही लावला नव्हता. जुनी गाणी ही त्याची गाणी होती. त्या गाण्यांत तो होता, बाकी कुठेच नव्हता.

तो छपराच्या शिडीला धरून उभा राहिला. खाली गल्लीत कोणीतरी लाकडं फोडत होतं. फाल्कला सांगायचं असेल तर हीच वेळ होती. पण मी काल आलोच नव्हतो असं म्हटलं, तर मग रविवारी कोण आलं होतं? एक चकती परत घ्यायची तर खांद्यावरचा तो हातही परत द्यावा लागणार होता.

“तुला वाईट नाही ना वाटलं?” फाल्कने विचारलं.

“नाही,” थोराल्फ म्हणाला. “केव्हातरी व्हायचंच होतं.”

“असंच म्हणालास कालही. अगदी हेच शब्द.”

५

त्या वर्षी नोव्हेंबरचा शेवटचा रविवार मृतांचा रविवार होता. लोक सकाळी कबरस्तानात फांद्या वाहायला जातात आणि त्या दिवशी नाचगाण्याला कायद्याने बंदी असते. फाल्कने आठव्या गाण्यासाठी मुद्दाम हाच दिवस निवडला होता. अख्ख्या जिल्ह्यात आज आवाज नाही, म्हणाला, असली शांतता वर्षातून एकदाच मिळते.

थोराल्फने ठरवलं होतं की आज स्वतः वाजवायचं. जे काय असेल ते आपल्या जागेवर बसतंय आणि बसतंय कारण जागा रिकामी असते. आपण बसून राहिलो तर त्याला बसायला जागाच नाही. हा हिशोब त्याला इतका सरळ वाटला, की सकाळी गाडी चालवताना तो शीळ घालत होता. कोणाही आधी, नऊलाच तो दालनात पोचला. स्टूल पुन्हा उंच केलेलं होतं. त्याने ते खाली केलं, मळसूत्र पक्कडीने आवळलं आणि बसला. बाकीचे आले तेव्हा तो ब्रश हातात घेऊन तयार होता. यंत्र त्याने भटारखान्यात चालू करून ठेवलं होतं. कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

दहाची घंटा थांबली. एक मिनिट शांतता झाली. मग फाल्कने सूर लावला.

पहिल्या खेपेला थोराल्फने गाणं चिरडलं. त्याला ते स्वतःलाच ऐकू येत होतं. ब्रश घसटत होता, डावा ठोका मागून येत होता आणि तो सावरायला तो आणखी जोर लावत होता. चौथ्या ओळीला फाल्क थांबला. काही हरकत नाही, म्हणाला, परत. दुसऱ्या खेपेला इनेसने पायपेटीवरून मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच खाली घातली. तिसऱ्या खेपेला पाय आपोआप पेडलवर पडला आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

“पाय छपरावर ठेवून यायचे होते ना, बाबा,” सिल्व्हिओ म्हणाला. तो थट्टेत म्हणाला, पण हसला नाही.

थोराल्फ म्हणाला की मनगट दुखतंय. मग म्हणाला, गाण्याचा वेगच चुकीचा आहे. मग म्हणाला, हे असलं कुजबुजून कुजबुजून कोणाला मेलेलं उठवायचंय? शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. त्या दिवशी तर नकोच होतं. फाल्कची आई उन्हाळ्यात गेली होती आणि आठवं गाणं तिचं होतं, हे त्याला ठाऊक होतं.

फाल्कने गिटार भिंतीला टेकवून ठेवली.

“आज तुला काय झालंय मला कळत नाही,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, हे जास्त लागलं. “मागच्या रविवारी होतास, मंगळवारी होतास, आज नाहीयेस. जा, भटारखान्यात बस थोडा. कॉफी घे. आणि स्वतःसारखा होऊन ये.”

थोराल्फ उठला. बोळात आल्यावर त्याला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. एखाद्या बायकोने नवऱ्याला शेजारच्या खोलीत जाऊन शांत हो म्हणावं, तसं त्याला घालवलं होतं, आणि तोही निमूट निघाला होता.

६

भटारखान्यात यंत्राचा लाल दिवा लागलेला होता. तीनही फसलेल्या खेपा नोंदवून झाल्या होत्या आणि नोंद त्याने थांबवली. स्टूल सोडून आपण आलो आहोत हे त्याला खुर्चीत बसल्यावर उमगलं, आणि तो ताडकन उभा राहिला. पण परत जायचं म्हणजे त्या तिघांच्या तोंडाकडे बघायचं. पाच मिनिटं, त्याने स्वतःला सांगितलं. इतक्यात काय होणार आहे.

मागच्या दाराने एटेलबाई आली. कबरस्तानातून आली असावी, काळा कोट अंगावरच होता. हातात खसखशीच्या केकची बशी. त्याला बघून ती थबकली.

“तू इथे होय?” ती म्हणाली. “तुझी कॉफी आत देऊन आले की रे.”

“कधी?”

“आत्ता. हातात दिली तुझ्या.” तिने बशी ठेवली, त्याच्याकडे नीट बघितलं, मग रजई कोंबलेल्या खिडकीकडे बघितलं. वय झालं की असं होतं, असं काहीतरी ती पुटपुटली आणि मागच्या दाराने, आली होती त्याहून भरभर, निघून गेली.

थोराल्फने हेडफोन कानाला लावला.

आत पावलं वाजली. मग कर्रकन स्टूल वाजलं. मग मळसूत्र फिरल्याचा आवाज, दोन वेढे, वरच्या दिशेने. पक्कडीने आवळलेलं मळसूत्र हाताने सहज फिरलं होतं.

“आलास?” इनेस म्हणाली. तिच्या आवाजातला सुटकेचा निःश्वास मायक्रोफोनने अचूक पकडला. “बरं वाटतंय आता?”

“माफ करा,” एक आवाज म्हणाला. “मघाशी मी नव्हतो माझ्यात.”

आपला आवाज यंत्रातून ऐकायची थोराल्फला सवय होती. तो नेहमी आपण समजतो त्यापेक्षा पातळ येतो. हा तसाच आला, पातळ.

त्याने रजईची कड धरली आणि चार बोटं बाजूला केली.

फटीतून पायपेटीची कड दिसली, बास धरलेलं सिल्व्हिओचं कोपर दिसलं आणि कोपऱ्याकडे तोंड करून उभा असलेला फाल्क दिसला. कोपऱ्यात स्टुलावर एक माणूस पाठमोरा बसला होता. करडा स्वेटर, डावीकडे झुकलेला खांदा. ही पाठ कोणाची ते थोराल्फला कळेना. स्वतःची पाठ माणसाने कधी पाहिलेली असते? माणसाच्या टाळूवर मागच्या बाजूला नाण्याएवढं टक्कल पडलं होतं. आपल्याला तसं नाही, असं मनाशी म्हणत थोराल्फने स्वतःच्या डोक्यामागे हात नेला, आणि बोटाला तिथे गुळगुळीत कातडी लागली.

शाळेपासून गॅरेजपर्यंत, गॅरेजपासून लाइपझिगपर्यंत, प्रत्येक गाण्याआधी फाल्क मागे वळून थोराल्फकडे बघायचा. तू तयार, की मी तयार, एवढंच त्या बघण्यात असायचं. ती नजर केव्हा बंद झाली याची तारीखही थोराल्फला सांगता आली असती. आता तीच नजर फाल्कच्या डोळ्यांत होती आणि ती त्या पाठमोऱ्या माणसावर होती.

“फाल्क,” थोराल्फ म्हणाला. ओरडला नाही, पण पुरेसं मोठ्याने म्हणाला.

फाल्कने खिडकीकडे पाहिलं. सरळ फटीत, थोराल्फच्या डोळ्यांत पाहिलं. त्याच्या कपाळाला आठी पडली.

“खिडकीतून वारा येतोय,” तो म्हणाला.

सिल्व्हिओने बास टेकवला आणि तो आला. त्याची जाड बोटं फटीत शिरली, थोराल्फच्या बोटांना लागली, थांबली नाहीत. त्याने त्या बाजूने रजई घट्ट दाबून बसवली.

७

भटारखान्यात अंधूक उजेड होता. यंत्राचा लाल दिवा विझलेला होता. नोंद बंद होती आणि ते फक्त त्यालाच ठाऊक होतं. आत फाल्क म्हणाला, चालू आहे ना, आणि तो पातळ आवाज म्हणाला, आहे.

थोराल्फ हातावर हात ठेवून बसला. वाजवा, म्हणावं. हवेत विरून जाऊ दे. बाराची घंटा होईल, सिल्व्हिओच्या घरी बटाट्याचे गोळे उकळत असतील, सगळे घरी जातील, आणि संध्याकाळी ऐकायला बसतील तेव्हा तिथे काहीही नसेल. सात वर्षांत एकदा तरी त्याच्या हातात काहीतरी होतं.

गाणं सुरू झालं. आधी नुसता फाल्क, मग पायपेटीचा लांब सूर, मग बास. ब्रश केव्हा आला ते कळलंच नाही. तो फाल्कच्या आईच्या गाण्याच्या मागे मागे चालत होता, तिला घाई न करता, तिचा हात न धरता. उजवा ठोका वेळेवर पडायचा आणि डावा केसभर मागून, आणि त्या केसभर जागेत फाल्कचा श्वास बरोबर मावायचा. ती जागा थोराल्फची होती. ते मनगट त्याचं होतं, ते छप्पर, ते पडणं, दवाखान्यातले ते दोन महिने त्याचे होते. त्याचं थोराल्फने काय केलं? त्याने ते जोर लावून लपवलं. आणि आत बसलेल्या माणसाने तेच नुसतं उघडं ठेवलं होतं.

थोराल्फला त्या माणसाचा द्वेष करायचा होता. द्वेष भरपूर होता, तो सात वर्षं साठलेला होता. पण असलं वाजवणं विरून जाऊ द्यायला त्याचा हात धजेना. चौथी ओळ यायच्या आत त्याने लाल बटण दाबलं. पहिल्या तीन ओळी गेल्या होत्या. त्या त्याने पहिल्या खेपेतून, आपल्या फसलेल्या ठोक्यांच्या आधीच्या तुकड्यातून जोडता येतील का, याचा तो डोक्यात विचारही करू लागला. कामाचा माणूस होता तो.

गाणं संपलं. शेवटचा सूर विरेपर्यंत आत कोणी हललं नाही. बाहेर गावातही काही वाजलं नाही.

मग फाल्कचा आवाज आला. तो रडत होता आणि लपवत नव्हता.

“थोराल्फ,” तो म्हणाला, “सात वर्षं तुझी वाट बघितली रे.”

भटारखान्यात थोराल्फने उत्तर द्यायला तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्यातून काहीच निघालं नाही. उत्तर हेडफोनमधून आलं, त्याच्या दोन्ही कानांत, त्याच्याच आवाजात.

“मीही.”

आणि दालनात चौघेजण हसले.